नवशिक्या वैमानिकाला इतिहासातून घडवताना: तयारीपासून पुढच्या सॉर्टीपर्यंत (उड्डाणापर्यंत)

स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमान अपघात मी एका संध्याकाळी सहा विद्यार्थ्यांना सविस्तर सांगितला. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो जेट, ५८३ मृत्यू. सगळे श्वास रोखून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातलाच एक माझ्या डावीकडच्या सीटवर होता. इंजिन सुरू झालं, टॉवरनं क्यूएनएच (आल्टिमीटरवर लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) १००८ दिला. मी रेडिओवर बरोबर आकडा परत सांगितला आणि आल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या उपकरणावर, मात्र मुद्दाम १०१८ लावला. विमान जागेवरच उभं असताना काटा सुमारे ३०० फूट जास्त दाखवायला लागला. त्यानं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. मी टॅक्सी न करता (विमान पुढे न नेता) तिथेच विचारलं, तेव्हा म्हणाला, "दिसलं होतं सर. पण तुम्ही लावलंय म्हणजे काहीतरी कारण असेल असं वाटलं."

आदल्या संध्याकाळच्या गोष्टीत हेच तर होतं. कॅप्टनला विचारायला धजावलेला, पण आवाज न चढवलेला फ्लाइट इंजिनिअर. माझ्या विद्यार्थ्यानं ते ऐकलं होतं, त्याला वाईटही वाटलं होतं, आणि कॉकपिटमध्ये त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. चूक त्याची नव्हती, शिकवण्याच्या पद्धतीची होती.

फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, आपल्या गावच्या मुलांना मार्ग दाखवणारे एअरलाइनमधले फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), ग्राउंड स्कूलचे आणि एनसीसी एअर विंगचे शिक्षक असे अनेक जण हीच चूक करताना मला दिसतात. म्हणून पुढचा क्रम. टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या. पहिला आणि तिसरा वगळला की बाकीचं सगळं गप्पांच्या अड्ड्यावर येतं.

## टप्पा १: आधी विद्यार्थी, मग प्रसंग

बहुतेक जण आपल्याला आवडलेला प्रसंग उचलतात आणि तो समोर येईल त्याला सांगतात. उलट करा. विद्यार्थ्याची ट्रेनिंग फाइल आणि शेवटच्या तीन-चार डीब्रीफिंगच्या (उड्डाणानंतरच्या चर्चांच्या) नोंदी वाचा. त्यात पुन्हा पुन्हा येणारी एकच उणीव शोधा आणि तिच्यासाठी एकच प्रसंग निवडा.

विद्यार्थी चेकलिस्ट पाठ म्हणतो, पण हात आणि डोळे तिच्याबरोबर फिरत नाहीत? त्याच्यासाठी ३० ऑक्टोबर १९३५ चा अमेरिकेतल्या राइट फील्डवरचा अपघात घ्या. बोइंगचं मॉडेल २९९, अनुभवी चाचणी वैमानिक, आणि उड्डाणाआधी काढायचं राहून गेलेलं कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल हलू नयेत म्हणून लावतात ते). वैमानिकाची लेखी चेकलिस्ट रुजली ती या अपघातानंतर. सेसना या छोट्या विमानाच्या योकमध्ये (सुकाणूत) घालतात ती लॉकची पिन टेबलावर ठेवूनच हा प्रसंग शिकवा.

एका छोट्या दोषात गुंतून बाकीचं विमान विसरतो? २९ डिसेंबर १९७२ चं ईस्टर्न ४०१: लँडिंग गिअरचा (चाकांचा) एक दिवा लागेना, सगळं क्रू त्या दिव्यात अडकलं, आणि ऑटोपायलटनं धरलेली उंची सुटल्याचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. किंवा २८ डिसेंबर १९७८ चं युनायटेड १७३: गिअरच्या शंकेपायी पोर्टलंडजवळ घिरट्या घालता घालता इंधनच संपलं.

एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रणाचा) संदेश अर्धा ऐकून 'रॉजर' म्हणतो? १२ नोव्हेंबर १९९६, चरखी दादरी. एका विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, समोरून येणारं १४,००० वर होतं. वरचं खाली आलं आणि ३४९ जण गेले. भारतात टीकॅसची (हवेतल्या टकरीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची) सक्ती झाली ती यानंतर.

इन्स्ट्रुमेंट किंवा रात्रीच्या उड्डाणाला लागलेल्यांसाठी १ जानेवारी १९७८ चं एअर इंडिया ८५५. सांताक्रूझहून उडालेलं ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ जण दगावले. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण चुकीचं दाखवत होतं, बाहेर काळोखा समुद्र होता, क्षितिज नव्हतं. इतर उपकरणं मात्र कॉकपिटमध्ये होती.

सावध राहा: पहिल्या सोलोच्या (एकट्यानं उडण्याच्या) आठवड्यात जीवघेणा अपघात शिकवू नका. त्या आठवड्यात विद्यार्थ्याला आधीच नीट झोप लागत नाही. त्याला गिमलीचा प्रसंग द्या. तो खाली सविस्तर येतो, त्यात सगळे वाचले.

आणखी एक: मुलींना फक्त वैमानिक स्त्रियांच्या गोष्टी सांगायच्या आणि तांत्रिक प्रसंग मुलांसाठी ठेवायचे, असं नकळत होतं. सरला ठकराल यांनी १९३६ साली वैमानिकाचं लायसन्स मिळवलं, हे सगळ्यांनाच सांगा. आणि युनायटेड १७३ चं इंधनाचं गणित मुलींनाही तितक्याच कडकपणे करायला लावा.

## टप्पा २: कागद जमवा

व्हिडिओ पाहून शिकवायला बसू नका. चौकशीचा अंतिम अहवाल मिळवा. मंगळूरच्या २२ मे २०१० च्या अपघाताचा अहवाल एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयाचा आहे. एएआयबी या विमान अपघात तपास संस्थेचे अहवालही सर्वांना वाचायला खुले असतात. पहिल्यांदा वाचताना दोन संध्याकाळी मोडतील, त्या मोडू द्या.

अहवाल हाती आला की एक आडवा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात वेळ. दुसऱ्यात त्या क्षणी क्रूला काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं. तिसऱ्यात आपल्याला नंतर काय कळलं. मग तिसरा रकाना घडी घालून मागे लपवा. ही घडीच या पद्धतीचा कणा आहे. ती नसेल तर विद्यार्थी पहिल्या पाच मिनिटांत "एवढं साधं कसं कळलं नाही त्यांना?" असं म्हणतो, आणि तसं म्हणाला की शिकणं थांबतं. आपण त्यांच्याहून हुशार आहोत एवढंच त्याच्या मनात उरतं.

तपासा: दुसऱ्या रकान्यातलं प्रत्येक वाक्य वाचून स्वतःला विचारा, हे क्रूला *तेव्हा* माहीत होतं का? शंका असेल तर ते वाक्य तिसऱ्या रकान्यात टाका.

सावध राहा: ताज्या अपघातावर बैठक घेऊ नका. जून २०२५ मध्ये अहमदाबादचा अपघात झाला आणि दोनच दिवसांत माझ्या ओळखीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे निकाल तयार होता, प्रत्येकाचा वेगळा. प्राथमिक अहवाल म्हणजे नोंद असते, निष्कर्ष नव्हे. विद्यार्थी विचारणारच. तेव्हा चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं आहे, दोषी ठरवणं नाही, एवढं सांगा आणि थांबा.

पुरावा तपासायची सवय लावायला आपल्याकडे एक घरचं उदाहरण आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट मराठी घरांत अभिमानानं सांगितली जाते. विद्यार्थ्याला काम द्या: या उड्डाणाचा त्या काळातला पुरावा आणून दाखव. त्याला ठोस असं काही सापडत नाही. मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली प्राचीन विमानविद्या सांगणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या आराखड्यांची केलेली तपासणी वाचायला द्या. ती विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आवडणारी गोष्टसुद्धा पुरावा मागून तपासायची असते, हे वैमानिकाच्या अंगी लवकर बाणलेलं बरं. उद्या त्याला इंधनाच्या काट्याबाबत हेच करायचं आहे.

## टप्पा ३: कुठे थांबायचं ते ठरवा

संपूर्ण लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. प्रसंग शेवटपर्यंत सांगायचा नाही. निर्णयाच्या अलीकडे थांबवायचा. असे थांबे एका बैठकीत जास्तीत जास्त दोन.

गिमलीचं उदाहरण घेऊ. २३ जुलै १९८३, कॅनडातलं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधनाचे काटे चालत नव्हते, म्हणून मोजपट्टीनं इंधन मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. किती लिटर भरायचं?

फळ्यावर त्या दिवशीचं गणित मांडा. एका लिटरचं वजन म्हणून हाताशी असलेला आकडा १.७७.

७,६८२ × १.७७ = १३,५९७
२२,३०० − १३,५९७ = ८,७०३
८,७०३ ÷ १.७७ = ४,९१७ लिटर

इथे थांबा. खडू खाली ठेवा. "या क्षणी तू कॅप्टन आहेस. कागद सहीला तुझ्यापुढे आलाय." बस, एवढंच म्हणा.

बहुतेक विद्यार्थी गुणाकार पुन्हा करतात. गुणाकार बरोबरच आहे. क्वचित एखादी विचारते, "सर, १.७७ काय? किलो की पौंड?" तो प्रश्न आला की मगच पुढचा फळा भरा. १.७७ हे पौंड होते. त्या कंपनीच्या ताफ्यात ही ७६७ विमानं मेट्रिकवर चालणारी पहिलीच, आणि जुना आकडा सवयीनं तसाच वापरला गेला. किलोत धरलं तर लिटरमागे ०.८०३. त्या हिशेबानं भरायला हवं होतं २०,०८८ लिटर. विमान निघालं तेव्हा टाकीत गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन होतं. ४१,००० फुटांवर इशारे वाजू लागले, दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि ग्लायडिंगचा अनुभव असलेल्या कॅप्टननं ते धूड गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ च्या ६९ जण वाचले.

नेहमीची चूक: ग्लायडिंगच्या थरारापासून सुरुवात करणं. विद्यार्थ्याच्या डोक्यात मग फक्त उतरणं राहतं, फळ्यावरचा आकडा राहत नाही.

## टप्पा ४: बैठक

४५ मिनिटं पुरतात. चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत.

१. परिस्थिती सांगा: हवामान, क्रू किती वेळ कामावर आहे, घाई कशाची आहे. टेनेरिफला विमानं मुळात जायची होती ती दुसऱ्याच विमानतळावर, तिथे बॉम्ब फुटल्यामुळे इकडे वळवलेली. गर्दी, उशीर, उतरत येणारं धुकं. हे दबाव सांगितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

२. थांब्यावर थांबा आणि सगळ्यांना आपापलं उत्तर *लिहायला* लावा. बोलून नाही. एकानं तोंड उघडलं की उरलेले त्याच्यामागे जातात.

३. वाचून दाखवायची सुरुवात सगळ्यात कमी तास असलेल्यापासून करा.

४. "तू काय केलं असतंस?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर नेहमी शहाणपणाचं येतं आणि ते खोटं असतं. त्याऐवजी दोन प्रश्न: "या क्षणी त्याला नक्की काय माहीत होतं?" आणि "तू कोणते शब्द बोलशील? आत्ता, मोठ्यानं."

या दुसऱ्या प्रश्नावर मुक्काम करा, कारण आपल्या मुलांचं खरं दुखणं इथेच आहे. सरांना अडवायचं नसतं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. टेनेरिफला उड्डाणासाठी धावायला लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, पॅन अ‍ॅमचं दुसरं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना, असं त्यानं विचारलंही. कॅप्टननं ठामपणे उडवून लावलं. तो कॅप्टन कंपनीच्या वैमानिक-प्रशिक्षणातला बडा माणूस. त्याच्यापुढे दुसऱ्यांदा कोण विचारणार? मंगळूरला फर्स्ट ऑफिसरनं गो-अराउंडचे (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचे) शब्द उच्चारले, तरी अ‍ॅप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) चालूच राहिला आणि १५८ जण गेले.

म्हणून शब्दांची तालीम करून घ्या. माझ्याकडे दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवतो. उजवीकडे मी, विद्यार्थी डावीकडे. मी चुकतो, तो अडवतो. पहिल्यांदा बहुतेकांच्या तोंडून "सर, ते जरा... क्यूएनएच..." असं काहीतरी पुटपुटणं निघतं. ते मान्य करायचं नाही. "चेक क्यूएनएच, वन झिरो झिरो एट." एवढंच, स्पष्ट, 'सर' न लावता. मी दुर्लक्ष केलं तर पुन्हा, जास्त ठाम. तरीही नाही तर उड्डाण थांबवायला लावायचं. तीन पायऱ्या, तीनही मोठ्यानं. विचार मराठीत झाला तरी चालेल, शब्द मात्र कॉकपिटमध्ये वापरायचे तेच हवेत.

५. आता घडी उघडा. तिसरा रकाना वाचून दाखवा.

तपासा: बैठकीत तुम्ही किती वेळ बोललात? निम्म्याहून जास्त असेल तर ते व्याख्यान झालं.

सावध राहा: मृतांच्या चुकांवर हशा पिकू देऊ नका. मुंबईत, मंगळूरला त्या कुटुंबांतली माणसं आजही आहेत, एखादं तुमच्या खोलीतही असू शकतं.

## टप्पा ५: पुढच्या सॉर्टीला जोडा

बैठकीतून एकच कृती काढायची आणि ती विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं कार्डावर लिहायची. "सतर्क राहीन" ही कृती नव्हे. गिमलीनंतर माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलेलं कार्ड असं: *डिपस्टिक (इंधन मोजायची पट्टी) मी स्वतः घालणार. आकड्यापुढे एकक लिहिणार. मगच सही.*

दुसऱ्या दिवशी ती शिडीवर चढली, विंग टँकचं झाकण उघडलं, डिपस्टिक पुसून आत सोडली, बाहेर काढून ओली रेघ उन्हात धरली. बाउजरवाला (इंधनाच्या टँकरवाला) लिटर सांगतो, विमानाच्या पीओएचमध्ये (माहितीपुस्तिकेत) गॅलन, वजनाच्या तक्त्यात पौंड. तिनं वहीत लिहिलं: २० गॅलन, सुमारे ७६ लिटर, १२० पौंड, सुमारे ५४ किलो. चारही एककं एका ओळीत. हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सावध राहा: तुम्ही त्याचे इन्स्ट्रक्टर नसाल, तर त्याच्या फ्लाइंग स्कूलच्या पद्धतीत ढवळाढवळ करू नका. वेगळं काही सुचत असेल तर त्यानं ते आपल्या इन्स्ट्रक्टरला विचारावं. आणि मुद्दाम चूक करून दाखवणं इन्स्ट्रक्टरनंच, तेही जमिनीवर, विमान उभं असताना. हवेत असले प्रयोग नकोत.

## टप्पा ६: अजून उडत नसलेल्यांसाठी नकाशाचं टेबल

बारावीतली किंवा लायसन्सचे लेखी पेपर देत असलेली मुलं सॉर्टीला जोडता येत नाहीत. त्यांना १५ ऑक्टोबर १९३२ चं टपालाचं उड्डाण द्या, पण गौरवगाथा म्हणून नाही, नियोजनाचं गणित म्हणून. जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तिथून नेव्हिल व्हिन्टसेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. एकच इंजिन, रेडिओ नाही, वाटेत दिशा सांगणारी यंत्रणा नाही.

टेबलावर नकाशा, प्रोट्रॅक्टर, फूटपट्टी आणि घड्याळ. मोबाइल बाजूला. अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४० किलोमीटर. रेघ मारा, दर दहा मिनिटांनी खाली काय दिसायला हवं ते लिहा: कुठली नदी, कुठला रेल्वेमार्ग. मग म्हणा, वाऱ्यानं तुम्हाला पश्चिमेला ५ अंश ढकललं आणि तुम्हाला कळलंच नाही. साठास एकच्या नियमानं ६० किलोमीटरला दर अंशामागे १ किलोमीटर, म्हणजे शेवटी जवळपास ३७ किलोमीटर. मुलं फूटपट्टी लावतात आणि बोट समुद्रात टेकतं. नेव्हिगेशनच्या पेपरातला हा नियम त्यानंतर कोणी विसरलेलं मी पाहिलेलं नाही.

नेहमीची चूक: उत्तर आलं की टेबल आवरणं. खरा प्रश्न पुढे आहे: "वाट चुकलीय हे तुला कितव्या मिनिटाला, कशावरून कळलं असतं?"

नोट्स लपवणाऱ्या मुलांना मी १९३० ची एक हकीगत सांगतो. भारत-इंग्लंड एकट्यानं उडण्याच्या आगाखान पारितोषिकासाठी जे.आर.डी. कराचीहून इंग्लंडकडे निघालेले, ॲस्पी इंजिनिअर उलट दिशेनं. इजिप्तमध्ये अबूकिरला दोघे भेटले तेव्हा ॲस्पी स्पार्क प्लगवाचून अडकले होते. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचा प्लग दिला. स्पर्धा ॲस्पींनी जिंकली. यावर मी काही बोलत नाही, पुढच्या विषयाकडे वळतो.

## टप्पा ७: तीन आठवड्यांनी परत

सॉर्टीनंतरच्या डीब्रीफिंगमध्ये कार्डावरची कृती झाली का, एवढं विचारा. हो किंवा नाही. कारणं नंतर.

खरी परीक्षा तीन आठवड्यांनी. तोवर विद्यार्थी प्रसंग विसरलेला असतो, सवय लागली असेल तर ती उरलेली असते. न सांगता बघा. डिपस्टिक घेतली का? आकड्यापुढे एकक आहे का? क्यूएनएच मी चुकीचा लावला तर तोंड उघडतो का? उघडत नसेल तर नवा प्रसंग घेऊ नका. त्याच प्रसंगाचा दुसरा थांबा निवडून टप्पा ३ पासून परत सुरू करा. मला एका विद्यार्थ्यासाठी टेनेरिफ तीनदा घ्यावं लागलं.

याच भेटीत तुमची स्वतःची एक चूक सांगा, तारखेसकट, तीन रकान्यांच्या कागदावर मांडून. माझ्या कागदावर एक अ‍ॅप्रोच आहे. तो मी उशिरा सोडला, आणि तोही शेजारच्या मुलानं दुसऱ्यांदा 'गो अराउंड' म्हटल्यावर.

सवय पक्की झाली की पुढच्या तुकडीसमोर तो प्रसंग त्याच विद्यार्थ्याला घ्यायला लावा. तुम्ही मागच्या बाकावर बसा, घडी घातलेला कागद त्याच्या हातात द्या आणि त्यानं चुकीच्या ठिकाणी थांबवलं तरी मध्ये बोलू नका. ते बैठक संपल्यावर सांगा.